नवीन ट्रक कॅम्पर आणि पहिल्या काही रात्री: नाशिककरांना हमखास पडणारे प्रश्न

पिकअपच्या हौद्यावर बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपायची-चहापाण्याची सोय असलेली छोटी खोली, आता नाशिकमध्येही अधूनमधून दिसायला लागलाय, कोणी हायलक्सवर बसवतंय, कोणी व्ही-क्रॉसवर, कोणी घरच्याच बोलेरो पिकअपवर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतंय, आणि गाडी दारात उभी राहिली की सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. आमच्याकडे जे विचारले जातात ते इथे एकत्र लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिल्या तीन-चार रात्री फिरण्यासाठी नसतात, गाडी ओळखण्यासाठी असतात. जागा साधी असली तरी चालेल, घराजवळ असावी आणि रात्री कोणी उठवायला येणार नाही अशी असावी.

पहिलीच रात्र भंडारदऱ्याला काढली तर?

नको. भंडारदरा कुठे पळून जात नाहीये. पहिली रात्र घराच्या कंपाउंडमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढा, मनापासून सांगतोय. बऱ्याच जणांचा हे ऐकून हिरमोड होतो, एवढे पैसे घालून पार्किंगमध्ये झोपायचं का असं वाटतं, पण आत झोपा, आतलंच पाणी वापरा, आतच चहा करा, घरात जायचंच नाही असं ठरवा. रात्री दोन वाजता उठलात की कळतं दिव्याचं बटण पायाशी आहे, पंखा डोक्याच्या बाजूला नाही तर पोटावर वारा टाकतोय, गादीची चेन टोचतेय, आणि वरच्या बेडवरून खाली उतरायला शिडी कुठे अडकवायची हे दिवसा सोपं वाटलं होतं तेवढं अंधारात नाहीये. हे सगळं घराच्या दारात कळलेलं बरं.

दुसरी रात्र अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात, ओळखीच्या मळ्यात. या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत, दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, निफाड, सिन्नर, कुठे ना कुठे मामा, आत्या, नाहीतर ऑफिसमधल्या कोणाचं तरी सासर असतंच. फोन करून सांगायचं की गाडी लावून झोपणार आहोत, जेवायचं काही करू नका. ते जेवायला घालतीलच, तो भाग वेगळा.

निघायच्या आधी घरी काय काय तपासू?

सगळ्यात आधी कॅम्पर गाडीला बांधलाय कसा ते. चारही कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे ताणाचे स्क्रू, असतात ते हाताने ओढून बघा, आणि मग २०-२५ किलोमीटर चालवून परत बघा, कारण नवीन कॅम्पर हौद्यात बसतो, खालचं रबर दबतं आणि घट्ट असलेला टर्नबकल सैल होतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये प्रत्येक थांब्यावर गाडीभोवती एक फेरी मारायची सवय लावून घ्या. फेरीत चार टर्नबकल, मागचे दिवे आणि इंडिकेटर, दरवाज्याचं लॅच, छतावरचं झाकण, एवढं बघितलं तरी पुरतं. कॅम्परच्या मागच्या दिव्यांचं कनेक्शन सुटलेलं असलं तर मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक दिसतच नाही आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो.

मग गॅस. भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस करायचा, रेग्युलेटर उघडायचा, आणि नळीच्या प्रत्येक जोडाला ब्रशने फेस लावून टॉर्च मारून शांतपणे बघत राहायचं. जोड चांगला असेल तर फेस तसाच बसून राहतो. गळत असेल तर एका जागी बारीक बुडबुडा येतो, मोठा होतो, फुटतो, परत त्याच जागी येतो. एक बुडबुडा जरी असा परत परत आला तरी त्या गाडीत झोपायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून गॅस डिटेक्टर खाली लावायचा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. काही फॅब्रिकेटर दिसायला छान म्हणून ते भोक बुजवतात किंवा ठेवतच नाहीत, ते उघडून घ्या.

वजनाचं काय? कंपनीवाले म्हणतात गाडी घेईल.

गाडी ओढेल हो, प्रश्न तो नाहीये. प्रश्न पाटे, टायर आणि ब्रेकचा आहे. आरसी बुकात दोन आकडे असतात, गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन. दोघांमधला फरक म्हणजे तुमच्या हातात असलेले किलो. त्यात कॅम्पर, पाणी, बॅटरी, सिलिंडर, गाद्या, भांडी, माणसं, कुत्रा, सगळं बसलं पाहिजे. पाण्याचा हिशोब सोपा आहे, एक लिटर म्हणजे एक किलो, ८० लिटरची टाकी भरली की एक धट्टाकट्टा माणूस मागे बसवल्यासारखं झालं. लाइफस्टाइल पिकअप म्हणून विकल्या जाणाऱ्या डबल कॅब गाड्यांचा हा फरक मालवाहू सिंगल कॅबपेक्षा बराच कमी असतो आणि नेमकं तिथेच लोक फसतात, दिसायला गाडी दांडगी असते म्हणून.

अंदाज करत बसू नका, काट्यावर जा. अंबड, सातपूर, पिंपळगाव, लासलगाव, वजनकाट्यांची आपल्याकडे काही कमी नाही. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत असतील तर सकाळी लवकर जा. सगळं सामान भरून, टाकी भरून, माणसं बसवून पूर्ण वजन घ्या, आणि मग काटेवाल्याला विनंती करून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरी पावती घ्या. पूर्ण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मर्यादेबाहेर असं कॅम्परमध्ये सर्रास होतं, कारण सगळा भार मागेच असतो. टायरची हवा त्या वजनाप्रमाणे भरायची, ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर पूर्ण लोडची हवा वेगळी दिलेली असते.

हे कायदेशीर आहे का?

आधी विचारून घ्या, मग पैसे भरा, असा क्रम ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला परवानगी देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच पक्कं केलंय. मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ नावाचा वेगळा मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी असलेला बिल्डर असेल तर काम सरळ होतं. हौद्यात ठेवायचा आणि जॅकवर उचलून काढता येणारा कॅम्पर, ज्यात गाडी कापलेली नाही, वेल्डिंग नाही, त्याची गोष्ट वेगळी पडते, पण ती कशी धरायची हे पेठ रोडच्या आरटीओत जाऊन लेखी विचारा आणि उत्तराची कॉपी गाडीत ठेवा. इन्शुरन्स कंपनीलाही ईमेलने कळवा. तोंडी 'काही होत नाही हो' यावर जाऊ नका.

उंची किती लक्षात ठेवावी लागते?

कायम. पिकअप चालवायची सवय असते आणि डोक्यात अजून पिकअपचीच उंची असते, पण आता तुम्ही नऊ-दहा फुटांचे झालायत. टेप लावून सोलर पॅनल आणि छतावरच्या पंख्यासकट मोजा, त्यात थोडं वाढवून फूट-इंच आणि मीटर दोन्हीत कागदावर लिहा आणि स्टीअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत सहसा उंच असतं, धोका असतो तो मॉलचं पार्किंग, रेल्वेखालचे छोटे बोगदे, रस्त्यावर लावलेले लोखंडी हाइट बॅरिअर आणि खेड्यातल्या लोंबत्या विजेच्या तारांचा. मळ्याच्या रस्त्यावर आंब्याच्या, बाभळीच्या फांद्या असतात, तिथे सोबतच्या माणसाला खाली उतरवा आणि वर बघत पुढे चालायला सांगा. तार खाली वाटली तर पुढे जायचंच नाही, काठीने उचलून बघणं तर अजिबात नाही.

जागा कशी निवडायची?

उजेडात पोहोचा. बाकी सगळं याच्यानंतर.

मग खाली माती बघा. आपल्याकडे निफाड, येवला, सिन्नरच्या बऱ्याच भागात काळी जमीन आहे, कोरडी असताना ती डांबरासारखी टणक लागते आणि एक सर पडली की साबण होते. दोन-अडीच टनांच्यावर गेलेली गाडी त्यात रात्रीतून बसते, सकाळी ट्रॅक्टर आणल्याशिवाय निघत नाही. मुरमाची जागा, खळं, ट्रॅक्टर नेहमी जातात ती पांद किंवा शेडसमोरचं अंगण बघा. शंका असेल तर बुटाची टाच जोरात दाबून फिरवायची, टाच सहज रुतली तर तिथे गाडी नको. ढग असतील तर डांबरी रस्त्यापासून फार आत जायचं नाही आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच लावायची, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर अंधारात रिव्हर्स घ्यायची भानगड नाही.

उतार थोडा असेल तर डोकं वरच्या बाजूला येईल असं लावा. आडवा उतार मात्र नको, रात्रभर भिंतीवर घसरत राहता आणि झोप लागत नाही. मोबाईलमधलं लेव्हल ॲप ओट्यावर ठेवून बघा, चाकाखाली लाकडी फळी घालून एक-दोन इंच उचलता येतं. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा.

नदीपात्रात, धरणाच्या उतरत्या काठावर, ओढ्याच्या वाळूत गाडी लावायची नाही, कितीही सुंदर दिसत असलं तरी. गंगापूर, दारणातून पाणी सोडलं की पात्र किती वेगाने भरतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात अडकल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. वरती पाऊस पडत असेल आणि तुमच्या डोक्यावर चांदणं, असंही होतं.

द्राक्षबागेजवळ असाल तर विचारून घ्या की फवारणी कधी आहे. सीझनमध्ये पहाटेच ब्लोअर चालू होतो, आणि खिडक्या उघड्या असतील तर सगळं औषध आत येतं. मालकाला विचारलं की तोच सांगतो, त्या बाजूला नका लावू, इकडे लावा.

परवानगी कोणाची घ्यायची आणि कशी?

मोकळी दिसते ती जागा कोणाची तरी असतेच. मळा असेल तर मालकाची, गावठाण असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटील, धरणाची जमीन जलसंपदा खात्याची, जंगल वनखात्याचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात वाटेल तिथे रात्र काढता येत नाही, तिथे वनखात्याला विचारून, ते सांगतील तिथेच राहायचं. भंडारदऱ्याच्या काठाने गावातल्या लोकांचेच कॅम्पिंगचे तळ आहेत, पैसे देऊन तिथे गाडी लावा, त्यांचाही रोजगार आहे.

अनोळखी गावात विचारायची पद्धत असते. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवा, उतरा, चालत वस्तीवर जा. हॉर्न वाजवून बोलवायचं नाही. घरात बायाच दिसल्या तर थोडं लांब उभं राहून 'काकू, दादा आहेत का घरी?' म्हणायचं. मागे हरसूलच्या बाजूला एका वस्तीवर असंच विचारलं तर आजोबा आधी काही बोललेच नाहीत, गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत बघितलं, मग विचारलं, "पाहुणे कुठले?" नाशिकचे म्हटल्यावर, "नाशकात कुठं?" मग आडनाव, मग काम काय करता, आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणाले, "इथं नका लावू, इथं रात्रीचं पाणी भरायचंय, तिकडं चिंचेखाली लावा." त्यांना पैसे देऊ केले तर रागावले असते. सकाळी घरातल्या पोरांना खाऊ दिला, तो चालला. ओळख सांगायला दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या, तेवढ्यात अख्ख्या वस्तीला कळतं की गाडी कोणाची आहे आणि मग रात्री कोणी टॉर्च मारत येत नाही.

जिथे नाही म्हणतील तिथे आढेवेढे न घेता निघायचं. 'सरकारी जागा आहे' असा वाद घालायचा नाही.

बिबट्याचं काय?

हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात हसण्यावारी न्यायचा नाही. गोदावरी, दारणा, कादवाच्या काठाने ऊस आहे, उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, निफाड, सिन्नर, दिंडोरी, देवळालीच्या बाजूला तो वस्तीपर्यंत येतो आणि दुर्दैवाने माणसं, लहान मुलं दगावलीयत. कॅम्परच्या आत दार लावून असाल तर सुरक्षित आहात. धोका बाहेर आहे, तोही विशेषतः अंधार पडल्यावर, आणि वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसाला.

म्हणून उसाला लागून गाडी लावायची नाही, मधे मोकळं शेत पाहिजे. दिवस मावळला की मुलं आत, कुत्रा पण आत, कुत्र्याला बाहेर बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला बोलावणं आहे. मटणाची हाडं, उष्टं बाहेर टाकायचं नाही. रात्री बाहेर जावं लागलं तर दोघांनी जायचं, मोठा टॉर्च सगळीकडे फिरवून, मोठ्याने बोलत. आणि खरं सांगायचं तर याच एका कारणासाठी आत पोर्टेबल टॉयलेट असावं असं माझं ठाम मत आहे. वस्तीवर विचारा 'हल्ली दिसलाय का?', ते खरं सांगतात. दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, बाकी काही गडबड असेल तर ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

हिवाळ्यात आत किती गारवा होतो? शेगडी ठेवली तर?

शेगडी, कोळसा, निखारे, गॅसची शेगडी पेटती ठेवून झोपणं, यातलं काहीही नाही. एकदाही नाही, पाच मिनिटंही नाही. कॅम्परची जागा एवढीशी असते की कार्बन मोनॉक्साइड साचायला वेळ लागत नाही, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे झालं असंही समजू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीला लावा, बॅटरी टाकून टेस्ट बटण दाबून बघा. बाहेर जनरेटर किंवा गाडीचं इंजिन चालू ठेवूनही झोपायचं नाही, धूर खालून आत येतो.

डिसेंबर-जानेवारीत निफाड भागात पारा एक आकडी होणं नवीन नाही, आणि पत्र्याच्या पेटीत इन्सुलेशन नसेल तर आत आणि बाहेर फारसा फरक राहत नाही. उपाय जुनेच चांगले आहेत. गादीखाली सतरंजी किंवा फोम शीट, कारण गारवा खालून लागतो. वर एक जाड रजई घेण्यापेक्षा दोन गोधड्या. कानटोपी. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपायच्या अर्धा तास आधी पायाशी. खोलगट जागेत गार हवा उतरून साचते, म्हणून नदीकाठच्या सखल मळ्यापेक्षा थोड्या उंचावरची जागा उबदार असते, दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

आणि कितीही गार असलं तरी छताचं झाकण आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ काचेवर, पत्र्यावर पाणी होऊन बसते, सकाळी उशी ओली लागते आणि लोकांना वाटतं छत गळतंय. हे चार-पाच वेळा झालं की गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते.

पावसाळ्यात जायचं का?

पहिल्या रात्रींसाठी नको. इगतपुरी, त्र्यंबक, हरसूलचा पट्टा जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांचं पारणं फेडतो हे कबूल, पण इगतपुरीचा पाऊस नव्या गाडीच्या प्रत्येक जोडाची परीक्षा घेतो. आधी घरी पाइप लावून अर्धा तास छतावर, खिडक्यांवर पाणी मारा आणि एकाने आत बसून कोपऱ्यांवरून टिश्यू पेपर फिरवायचा. कसारा घाटात धुकं असलं की उंच गाडी अवघड जाते, दरडीखाली तर थांबायचंच नाही. ऑनिंग म्हणजे बाहेरची छत्री झोपायच्या आधी बंद करायची, रात्री वारा सुटला की ती गाडीच उपटायला बघते.

बॅटरी किती वेळ पुरेल?

हिशोब असा करा. बारा व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो, पण तो अखंड चालत नाही, निम्मा वेळ धरला तर २४ तासांत ६०० वॅट-तास. छोटा पंखा २० वॅटचा आठ तास, १६०. दिवे, मोबाईल, पाण्याचा पंप मिळून शंभरेक. म्हणजे दिवसाला ८५०-९०० च्या घरात. १०० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तासांची असते, एक रात्र-दिवस आरामात निघतो. तेवढ्याच आकाराची साधी लेड-ॲसिड मात्र निम्मीच वापरायची असते, ६०० च्या आसपास, म्हणजे पहाटे फ्रिज बंद. एप्रिल-मेमध्ये फ्रिज जास्त वेळ चालतो ते वेगळं धरा.

इंडक्शन बॅटरीवर चालवायचा नाद सुरुवातीला करू नका. कॅम्परची बॅटरी आणि गाडी स्टार्ट करायची बॅटरी वेगळ्या असायलाच हव्यात, मधे डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीतून कॅम्परची बॅटरी भरणारा), नाहीतर सकाळी फ्रिजमधलं दूध गार आणि गाडी धक्का मारायला. सोलर हिवाळ्यात स्वच्छ उन्हात छान काम करतं, पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

पाणी आणि टॉयलेट?

दोघांना एका रात्रीला पिण्याचं सोडून पंधरा-वीस लिटर पुरतं, आंघोळ धरली नाही तर. पहिल्या रात्री टाकी निम्मीच भरा, वजन कमी आणि नवीन टाकीचा प्लॅस्टिकचा वास दोनदा धुतल्याशिवाय जात नाही, त्यामुळे पिण्याचं पाणी वेगळ्या जारमध्येच न्या.

भांड्यांचं साबणाचं पाणी डब्यात धरायचं आणि घरी आणून गटारात सोडायचं. धरणात, विहिरीजवळ, ओढ्यात नाही. गंगापूरचं पाणी शहर पितं. पोर्टेबल टॉयलेटची टाकी घरच्या संडासात रिकामी करायची, शेतात खड्डा करून केमिकल ओतायचं नाही, मालकाने 'ओता हो' म्हटलं तरी.

जेवणाचं?

पहिल्या रात्री घरून डबा. आत फक्त चहा करा आणि बघा वाफ कुठून बाहेर जाते, पंखा कुठल्या बाजूला ठेवायचा. स्वयंपाक दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून, तोही पिठलं-भात असा, फोडणी बेताची. एवढ्याशा जागेत तेल तापवलं की चार दिवस गादीला वास येतो. सकाळी परतताना मिसळ आहेच.

सगळं ठीक असूनही झोपच लागत नाही, असं का?

कारण कान जागे असतात. घरी पंख्याच्या आवाजात बाकीचे आवाज झाकले जातात, इथे प्रत्येक आवाज नवीन. रात्री अकरानंतर पत्रा गार होऊन आकसतो आणि टक टक वाजतो. पाण्याचा पंप प्रेशर धरायला मधेच घुर्रकन चालू होतो, झोपताना त्याचं बटण बंद करा. फ्रिज चालू-बंद होतो. बेडवर एकजण कुशीवर वळला की पूर्ण गाडी डुलते, मागचे पाटे मऊ असल्यामुळे. कॅम्परला स्वतःचे जॅक असतील तर ते जमिनीला फक्त टेकवून ठेवा, बराच फरक पडतो, पण सगळं वजन त्यांच्यावर घ्यायचं नाही आणि सकाळी निघताना वर करायला विसरायचं नाही.

मळ्यात आणखी एक गोष्ट. शेतीची लाइट बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे एक-दीड वाजता मोटर चालू होते, माणूस टॉर्च घेऊन बांधावरून येतो, पाण्याची दारं धरतो, कुत्री भुंकतात. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं चोर आले. ते बिचारे दिवसभर राबून परत रात्री पाणी भरायला उठलेले असतात. संध्याकाळीच विचारून ठेवलं की आज लाइट कधीची आहे, तर आवाज आला तरी आपण कूस बदलून झोपतो. आणि कोणी गाडीजवळून जाताना दिसला तर आतूनच 'राम राम' म्हणा, त्यालाही बरं वाटतं.

कानात घालायचे बोळे आम्ही मुद्दाम पहिल्या रात्रींना वापरत नाही. आवाज ओळखीचे होऊ द्यावेत, नाहीतर गाडीत खरंच काही बिघडलं तर कळणार कसं.

आईला किंवा लहान मुलांना लगेच नेऊ का?

आधी तुम्ही दोघं जाऊन या. कॅबच्या वरचा बेड गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी नाहीच, आईसाठी खालचं डायनेट (जेवायचं टेबल आणि बाकं) उघडून बेड करा आणि तो आधी घरी करून बघा, फळ्या नीट बसतात का. मुलांना वरती झोपवाल तर जाळी किंवा पट्टा हवा. चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कोणीही बसायचं नाही, मुलं कितीही हट्ट करोत, तिथे ना सीट असते ना बेल्ट.

मग तिसरी-चौथी रात्र कुठे?

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला, अभयारण्याबाहेर परवानगीच्या जागी, कारण पहाटे पक्ष्यांसाठी आपण आधीच तिथे असतो. २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा म्हणून ती जाहीर झाली. सिन्नरला जायचं तर दिवसा गोंदेश्वर बघून जवळच्या कोणाच्या मळ्यात. घाट शिकायचा असेल तर वणीच्या पायथ्यापर्यंत किंवा सापुताऱ्याकडे, चढताना नाही तर उतरताना लक्ष द्या, खालच्या गिअरमध्ये इंजिनवर उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून नाही, मागे किती वजन आहे ते ब्रेकचा वास आल्यावर कळण्यात अर्थ नाही. साल्हेर-मुल्हेरकडे बागलाणात जायची घाई नको, रस्ते छान आहेत पण रात्री मेकॅनिक मिळत नाही.

हायवेवर झोप अनावर झाली तर ट्रकवाले थांबतात तो मोठा ढाबा किंवा चोवीस तास चालू असलेला पंप, मॅनेजरला सांगून, उजेडात. समृद्धीवर कडेला गाडी लावून झोपायचा विचारही नको. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत नाशिक आणि त्र्यंबकला गाडी आत आणूच नका, ते दिवस घाटाखाली किंवा उत्तरेला काढा.

परत आल्यावर काय करायचं?

त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवसावर ढकललं की राहतं. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा, नळ उघडे ठेवा. गादी उभी करून खालची फळी सुकू द्या. फ्रिज बंद करून दार पाचर लावून उघडं ठेवा, नाहीतर वास धरतो. गॅसचा रेग्युलेटर बंद. टर्नबकल परत एकदा. हौद्याचा फाळका काढून ठेवलेला असेल तर कडांना पत्रा घासलाय का बघा, घासला असेल तर तिथे रबर लावा, पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. आणि रात्री जे जे खटकलं ते वहीत लिहा, कुठलं हुक कमी पडलं, कुठला ड्रॉवर घाटात उघडला, टॉर्च कुठे ठेवला असता तर हाताला लागला असता. पुढच्या वेळी निघायच्या आधी त्यातल्या निदान दोन गोष्टी दुरुस्त झालेल्या असू द्या, त्या करायला सातपूर-अंबडमध्ये कारागीर चिक्कार आहेत आणि माप घेऊन गेलात तर तासाभरात करून देतात.